‘ठीक हूँ, सिस्टर’

मिलिटरी हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य हे. गुडघ्यापासून खाली प्लास्टर, कपाळावर घाम, चादरीची कड मुठीत घट्ट धरलेली, आणि कसं वाटतंय म्हणून विचारलं की जवान म्हणणार, "ठीक हूँ, सिस्टर." सर्जन साहेब राउंडला आले की तोच जवान पडल्या पडल्या सावधान होणार आणि आवाज चढवून म्हणणार, "ठीक हूँ, सर!"

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मी २५ वर्षं काढली. त्यातली शेवटची ७ वर्षं, वॉर्डाच्या कामाबरोबरच, नव्याने रुजू होणाऱ्या लेफ्टनंट मुलींचं ओरिएंटेशन माझ्याकडे होतं. निवृत्त होऊन साताऱ्याला परत आले. इथल्या नर्सिंग कॉलेजातल्या मुली अधूनमधून घरी येतात, आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: चार वर्षं बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर तिथे परत काय शिकवता, मॅडम? चहा संपेपर्यंत देता येईल असं त्याचं उत्तर नाही, म्हणून लिहायला बसले.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. सुट्टीवर घरी आले की माडीवरून उतरताना भिंतीला हात लावायचे. आईने विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाई गं." उजवा गुडघा त्यांनी किती वर्षं लपवला हे मी नर्सिंग शिकल्यावर मला उमगलं. दाखवला असता तर मेडिकल बोर्ड बसला असता, कॅटेगरी खाली गेली असती, आणि नायब सुभेदारीचं अडलं असतं. फौजेत माणसाची तब्येत ‘शेप’ या शब्दात मोजतात. त्यातलं एकेक अक्षर मन, कान, हातपाय, शरीर आणि डोळ्यांचं. शेप-वन म्हणजे सगळं ठणठणीत. त्या ‘वन’ला धक्का लागू नये म्हणून माणसं मुकाट काय काय सोसतात, हे सिव्हिल हॉस्पिटलातून आलेल्या मुलीला कुठून माहीत असणार?

मला स्वतःला कुणी ओरिएंटेशन दिलं नव्हतं. १९९९ च्या जूनमध्ये, कमिशन मिळून वर्षही पुरतं झालं नव्हतं तेव्हा, काश्मीरमधल्या एका मिलिटरी हॉस्पिटलमध्ये पाठवलं. कारगिलचे जखमी येत होते, शिकवायला कुणाला सवड असणं शक्यच नव्हतं. एका सीनियर सिस्टरने माझी ट्रंक कॉटखाली सरकवली आणि एवढंच सांगितलं, "जिथे कळणार नाही तिथे मला हाक मार. रात्रीचे दोन असोत नाहीतर चार. तू लाजलीस तर माणूस जाईल." पुढे मी जे काही ओरिएंटेशन बांधलं त्याचा पाया हाच. पण तिथपर्यंत पोचायला मला बरीच वर्षं लागली, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

मी चार्ज घेतला तेव्हा ओरिएंटेशन ५ दिवसांचं होतं. सेमिनार हॉल, प्रोजेक्टर, दर तासाला नवा अधिकारी. सर्व्हिसचा इतिहास, हॉस्पिटलचे विभाग, आग विझवण्याची साधनं, जैविक कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग, इन्फेक्शन कंट्रोल, मोबाइल आणि फोटोंबाबतचे सुरक्षेचे नियम, मेसचे नियम. सहाव्या दिवशी वॉर्ड. पहिली दोन वर्षं मी त्यात भरच घालत गेले. काही राहून जाऊ नये म्हणून आणखी एक स्लाइड, आणखी एक फॉर्म, त्यावर आणखी एक सही.

मग ती रात्र आली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. ट्रेनिंगमध्ये पडून नडगीचं हाड मोडलेला २२ वर्षांचा जवान, दुपारी प्लास्टर घातलेलं. रात्री ड्यूटीवर लेफ्टनंट, तिचा वॉर्डातला चौथा आठवडा. सोबत एक नर्सिंग असिस्टंट, आणि वॉर्ड भरलेला. तिने दहाला विचारलं, बाराला विचारलं, दोनला विचारलं. तिन्ही वेळा "ठीक हूँ, सिस्टर." पायाची नाडी लागत होती, बोटं गरम होती. चार्टवर तिने तसं लिहिलं. चारच्या सुमाराला शेजारच्या कॉटवरच्या जवानाने तिला बोलावलं, कारण याने टॉवेल दातात धरला होता. सर्जन आले, प्लास्टर कापलं, तसंच ऑपरेशन थिएटरात नेऊन पोटरीचं आवरण उघडलं. पाय वाचला, पण पाऊल वर उचलण्याची ताकद गेली. फूट ड्रॉप.

सकाळी ती मुलगी ड्यूटी रूममध्ये बसून होती. "मॅम, मी तीनदा विचारलं होतं," एवढंच म्हणाली. खरंच विचारलं होतं तिने. तिच्या ओरिएंटेशनच्या कागदावर ‘प्लास्टरच्या पेशंटचं निरीक्षण: शिकवलं’ यापुढे माझी सही होती. आणि मी शिकवलंही होतं, हॉलमध्ये, जेवणानंतरच्या तासाला, स्लाइडवर.

याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. पोटरीचे स्नायू न ताणल्या जाणाऱ्या कडक आवरणांच्या कप्प्यांत असतात. हाड मोडल्यावर आत सूज चढते आणि कप्प्यातला दाब इतका वाढतो की स्नायूंना आणि नसांना रक्त पुरत नाही. साधारण सहा तास तसेच गेले तर झालेलं नुकसान भरून येत नाही. फसवी गोष्ट अशी की पावलाची नाडी बराच वेळ लागत राहते. सगळ्यात आधी बोलतं ते दुखणं, जखमेच्या मानाने कितीतरी जास्त असलेलं दुखणं. आणि याचा सर्वाधिक धोका कुणाला? नडगी मोडलेल्या तरुण, भरदार स्नायूंच्या पुरुषाला. म्हणजे आमच्या वॉर्डातल्या कॉटांवर जो असतो त्यालाच. ज्याच्या बाबतीत दुखण्यावर विसंबायचं, तोच दुखणं न सांगण्यात पटाईत.

त्यानंतर मी जुना कार्यक्रम मोडला. एका झटक्यात नाही मोडता आला, दीड वर्ष गेलं.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन संशोधिकेने १९८० च्या दशकात नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवखी ते तज्ज्ञ. त्यातली एक गोष्ट मला तेव्हा नव्याने पटली. नवखीला ‘परिस्थिती पाहून ठरव’ म्हणण्यात अर्थ नसतो, कारण परिस्थिती ओळखायची नजर तिला अजून आलेली नसते. तिला नियम लागतो, हातात धरता येईल असा. नजर पुढे येते आणि मग तिचं तिला कळतं की नियम कुठे ढिला सोडायचा. आम्ही उलट करत होतो. हॉलमध्ये तत्त्वं सांगत होतो आणि वॉर्डात गेल्यावर ‘लक्ष ठेव’ म्हणत होतो.

म्हणून पहिला नियम केला: पाय प्लास्टरमध्ये असेल तर पहिले ४८ तास, दर तासाला, अंगठा. ‘कसं वाटतंय’ हा प्रश्न विचारायचाच, पण उत्तर अंगठ्याकडून घ्यायचं. हे शिकवायला हॉल नको, कॉट हवी. डाव्या हाताने पाऊल खालून आधार देऊन धरायचं, उजव्या हाताच्या दोन बोटांत त्याच्या पायाचा अंगठा घ्यायचा. आधी सावकाश वर, नडगीच्या दिशेने. मग सावकाश खाली. खाली वाकवायला मुली विसरतात, आणि घोटाळा बहुतेक वेळा नडगीच्या पुढच्या कप्प्यातच असतो, जो खाली वाकवल्यावरच ताणला जातो. त्या वेळी अंगठ्याकडे बघायचं नाही, त्याच्या तोंडाकडे बघायचं. साधा पेशंट गुदगुल्या झाल्यासारखा हसतो किंवा वैतागतो. दाब चढत असलेला पेशंट ओरडत नाही. त्याचा श्वास अडतो. मान किंचित मागे जाते, गळ्याची शीर दिसते, आणि तरी तो म्हणतो, "ठीक हूँ." तो अडलेला श्वास एकदा दाखवला की मुलगी आयुष्यात विसरत नाही. प्रत्येक नव्या मुलीकडून पहिल्या आठवड्यात दहा पेशंटांचे अंगठे मी माझ्यासमोर तपासून घ्यायचे, अगदी बरे झालेल्यांचेसुद्धा, कारण नॉर्मल काय ते हाताला कळल्याशिवाय बिघडलेलं कळत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. एका संध्याकाळी पलूसकडचा एक पोरगा होता, ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. हिंदीत त्याचं सगळं ‘ठीक’ होतं. मी सहज मराठीत विचारलं, "जेवलास का रे?" तर डोळे भरून आले आणि म्हणाला, "ताई, रातच्याला लई ठणकतंय बगा. आतनं कुनीतरी हातोडा मारल्यागत." दोन दिवस हे ‘ठणकणं’ त्याच्या हिंदीत मावत नव्हतं. मराठीत ठणकणं वेगळं, कळ येणं वेगळं, चुरचुरणं, ठुसठुसणं, आग होणं वेगळं, आणि नर्सला या प्रत्येकाचा अर्थ निराळा. वॉर्डातल्या हिंदीत सगळ्याचं ‘दर्द’ होतं आणि दर्दचं ‘ठीक हूँ’ होतं.

तेव्हापासून प्रत्येक बॅचला पहिलं काम दिलं, भाषेचं कार्ड. मुली देशभरातून येतात, केरळच्या, मणिपूरच्या, पंजाबच्या, आपल्याकडच्या. प्रत्येकीने आपल्या भाषेत दुखण्याचे शब्द लिहायचे आणि बाकीच्यांकडून वदवून घ्यायचे. तमिळमध्ये वली, मल्याळममध्ये वेदना, तेलुगूत नोप्पी, कन्नडमध्ये नोवु, पंजाबीत पीड, बंगालीत ब्यथा, आणि गोरखा जवानाच्या तोंडी दुख्यो. एप्रनच्या खिशात मावेल एवढं कार्ड. आपल्या गावचा शब्द सिस्टरच्या तोंडून ऐकला की माणूस रँक विसरतो. आणि पहिल्या दिवशी अनोळखी मुली एकमेकींच्या भाषा शिकत बसलेल्या असल्या की रात्री एकमेकींना हाक मारायलाही लाजत नाहीत. हा फायदा मी योजलेला नव्हता, तो आपसूक मिळाला.

आता हाकेबद्दल. रात्री दोनला सर्जनला उठवायचं तर नव्या लेफ्टनंटचा हात फोनवर थरथरतो. पलीकडे लेफ्टनंट कर्नल असतो, आणि तिला वाटतं, काही नसलं तर? बोलायचा साचा सगळ्यांना पाठ असतो: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. इंग्रजीत त्याला एसबार म्हणतात, आणि तो मुळात अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून आला. पाठ असून उपयोग नाही, घशातून निघायला हवा. मी सर्जिकलच्या मुख्य डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, सर, प्रत्येक नव्या मुलीने पहिल्या तीन रात्रींत तुमच्या ड्यूटी डॉक्टरला एक फोन करायचा. खऱ्या पेशंटबद्दल, गरज असो वा नसो. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्या फूट ड्रॉपवाल्या पायावर त्यांनीच ऑपरेशन केलं होतं. म्हणाले, "एक अट. पहिला फोन मला येऊ दे." पुढच्या बॅचमधल्या सहाही मुलींनी त्यांना उठवलं. त्यांनी सहाही वेळा शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि सहाही वेळा शेवटी "थँक यू, सिस्टर" म्हणाले. त्या दोन शब्दांनी जे झालं ते माझ्या कुठल्याच लेक्चरने झालं नसतं.

पुढचा धागा वॉर्डातल्या हवालदाराचा. मुलगी २२-२३ वर्षांची, खांद्यावर दोन स्टार. तिच्या हाताखालचा नर्सिंग असिस्टंट हवालदार, १८ वर्षं सर्व्हिस, सियाचीनपासून फील्ड अँब्युलन्सपर्यंत सगळं पाहिलेला. तो तिला सॅल्यूट करतो आणि तिला आयव्ही लाइनही त्याच्याइतकी सफाईने लावता येत नाही. इथे दोन चुका होतात. एक मुलगी स्टार दाखवते, दुसरी सगळं त्याच्यावर सोडून मोकळी होते. ही अडचण आजची नाही. १८८८ साली पहिल्या १० नर्सा इंग्लंडहून मुंबईला उतरल्या, काही रावळपिंडीला गेल्या, काही बंगळूरला, आणि पलटणीतून आलेल्या ऑर्डर्लींना, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीस शिपायांना, सोबत घेऊनच त्यांना वॉर्ड उभे करावे लागले. भारतीय सैनिकांसाठी कायमची नर्सिंग सर्व्हिस पुढे १ ऑक्टोबर १९२६ ला आली, पण सिस्टर आणि ऑर्डर्ली हे नातं तेव्हापासून प्रत्येक वॉर्डात नव्याने जुळवावं लागतं.

मी काय केलं, तर ओरिएंटेशनमधला एक पूर्ण दिवस हवालदारांच्या हाती दिला. स्ट्रेचर चार जणांनी कसं उचलायचं, अँब्युलन्समधून उतरवताना मानेला कोण धरतं, एकाच वेळी वीस जखमी आले तर कोण किती गंभीर ते पाहून लाल, पिवळा, हिरवा कुठे ठेवायचे, ऑक्सिजनचा सिलिंडर अंधारात कसा बदलायचा. लेफ्टनंट शिकणार, हवालदार शिकवणार. सुरुवातीला हवालदारच अवघडले, "मॅडमको हम क्या सिखाएँगे." पण दुपारपर्यंत त्यांच्यातला एक जण एका मुलीला ओरडून सांगत होता, "खाली वाकताना कंबर नको, गुडघा! मॅडम, गुडघा!" संध्याकाळी त्याच हवालदाराने ड्यूटीवर येऊन त्याच मुलीला कडक सॅल्यूट केला. दोन्ही खरं होतं, आणि दोघांनाही ते कळलं होतं.

येणाऱ्या मुली दोन वाटांनी येतात, हे जुन्या कार्यक्रमात कुणी लक्षात घेतलं नव्हतं. पुण्याच्या एएफएमसीसारख्या फौजेच्याच कॉलेजातून आलेल्या, आणि बाहेर शिकून शॉर्ट सर्व्हिसने, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नेमणुकीवर, आलेल्या. पहिलीला रँक, बोर्ड, डीआय लिस्ट सगळं अंगवळणी पडलेलं असतं. दुसरीने मोठ्या आयसीयूत काम केलेलं असतं, व्हेंटिलेटर तिला चांगला येतो, पण पेशंट ‘डेंजरसली इल’ लिस्टवर चढला म्हणजे त्याच्या युनिटला आणि घरी कळवलं जातं, घरची माणसं निघतात, हे तिला ठाऊक नसतं. दोघींना एकत्र बसवून तेच तेच ऐकवलं तर एक कंटाळते आणि दुसरी गोंधळते. मी त्यांच्या जोड्या लावल्या, एकमेकींना शिकवायला.

डीआय लिस्टबद्दल मात्र मी स्वतः बोलायचे, नेहमी. दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून एखादी बायको येते, कडेवर मूल, हातात पिशवी, पिशवीत त्याच्यासाठी लाडू. ती वॉर्डाच्या दारात थांबते. नव्या सिस्टरला वाटतं, डॉक्टर येईपर्यंत आपण काही बोलू नये. मी सांगायचे, तब्येतीचं डॉक्टर सांगतील, पण तिला आधी पाणी दे, मुलाला दूध मिळेल का बघ, पिशवी हातातून घे, आणि आत नेण्यापूर्वी दारातच सांग की नळ्या असतील, तोंड सुजलेलं असेल, तो बोलणार नाही, पण तुम्ही त्याच्याशी बोला. न सांगता आत नेलेली बाई कॉटच्या पायथ्याशीच खिळते, हे मी पाहिलंय.

सगळ्यात मोठी लढाई रोस्टरची. माझी मागणी अशी होती की नव्या मुलीने चार आठवडे एकाच सीनियर सिस्टरबरोबर ड्यूटी करावी, आणि रात्रीच्या पहिल्या तीन ड्यूट्यांना तिला मोजू नये. म्हणजे त्या रात्री वॉर्डात नेहमीइतक्या सिस्टर असतील आणि ही जास्तीची. कागदावर साधं दिसतं. पण सुट्ट्या, आजारपणं, कुणी कोर्सला गेलेली, कुणाची पोस्टिंग ऑर्डर आलेली, यात एक जास्तीची सिस्टर काढणं म्हणजे कुणाची तरी हक्काची सुट्टी कापणं. मॅट्रन मॅडमनी दोनदा फाइल परत पाठवली, आणि त्यांची अडचण खरी होती. तिसऱ्या वेळी मी कागदाबरोबर त्या रात्रीचा वॉर्डाचा चार्ट जोडला. तिन्ही नोंदी, दहा, बारा, दोन. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि सही केली. त्या महिन्यात मॅट्रन स्वतः दोन रात्री वॉर्डात उभ्या राहिल्या.

हा कार्यक्रम जसाच्या तसा दुसरीकडे नेता येत नाही. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, नव्या सिस्टरला स्वतःलाच सहा दिवस हवेशी जुळवून घ्यावं लागतं, त्यातले पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे. तिथे बसून ऐकायचं सगळं त्याच दिवसांत आटोपावं. आणि तिथला नियम अंगठ्याचा नाही. पहिल्यांदा वर आलेल्या जवानाचा रात्रीचा कोरडा खोकला ‘थंडीचा’ म्हणून सोडायचा नाही, आणि हिमदंशाचा पाय चोळायचा नाही, ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ठेवायचा. प्रत्येक हॉस्पिटलने आपल्या वॉर्डातलं ‘ठीक हूँ’ कुठे लपतं ते शोधायला हवं.

तो जवान नंतर पायाला स्प्लिंट लावून चालायला लागला. ती लेफ्टनंट आज मेजर आहे. कार्यक्रम बदलताना मी तिला सोबत घेतलं, आणि अंगठ्याचा धडा पहिल्या दोन बॅचेसना तिनेच दिला. ‘मी तीनदा विचारलं होतं’ हे ती त्यांना स्वतः सांगायची, काही न लपवता. ते ऐकताना मुलींच्या वहीत पेन थांबलेलं असायचं.

निवृत्तीच्या आधी फाइल सोपवताना माझ्या जागी आलेल्या मॅडमनी विचारलं, "मॅम, वेळ कमी पडतो. काही काढायचं झालं तर काय काढू?" मी म्हटलं, इतिहासाचं माझं लेक्चर काढा, ते मुली पुस्तकात वाचतील. मेसचे नियम छापून द्या. फॉर्म अर्धे करा. त्या लिहून घेत होत्या. "आणि रात्रींचं?" त्यांनी विचारलं, "तीनच्या दोन केल्या तर चालतील?"

मी म्हटलं, तीनच्या चार करता आल्या तर बघा.